थप्पी १० कुर्त्यांची, कापड ५ कुर्त्यांचं: कटपीस, जुन्या साड्या आणि लोकर घेताना होणारी फसवणूक

शिलाईकाम करणाऱ्या डोंबिवलीच्या एका ताईंनी मुंबईत फुटपाथवरच्या विक्रेत्याकडून कटपीसची (ताग्यातून उरलेल्या तुकड्यांची) बांधलेली थप्पी घेतली. १० पीस, प्रत्येकी अडीच मीटर, 'प्युअर कॉटन', १५०० रुपये. म्हणजे मीटरला ६० रुपये. घरी थप्पी सोडून बेतायला घेतल्यावर त्यातून धड कुर्ते निघाले ५. एका कुर्त्याचं कापड ३०० रुपयांना पडलं. तसंच कापड दुकानात ताग्यावरून ११० रुपये मीटरने मिळत होतं, म्हणजे २७५ रुपयांत काम झालं असतं. ज्यांचं पोट शिलाईवर आहे त्यांना असा फटका झेपत नाही, म्हणून ही फसवणूक कशी होते ते नीट सांगायला हवं.

त्या थप्पीतले ३ पीस वाराने कापलेले होते. वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. अडीच वार म्हणजे जवळपास २ मीटर २९ सेंटिमीटर, पीसमागे २१ सेंटिमीटर गेले. लांब कुर्त्याच्या बाह्या नेमक्या तेवढ्यातच अडतात. कापड मीटरनेच विकायचं असा कायदा आहे आणि मोजपट्टीवर वैधमापन विभागाचा (वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का लागतो. पट्टी हातात मागून शिक्का बघा, त्यात संकोच कसला? शिवाय पर्समध्ये स्वतःची टेप ठेवा. विक्रेता घड्या मोजून 'इतक्या घड्या, इतके मीटर' म्हणाला तर मान्य करू नका, कारण घडी ९० सेंटिमीटरची घातली तरी वरून कळत नाही. कापड हवेत ताणूनही मोजू देऊ नका. फळीवर सैल पसरा आणि किनारीच्या कडेने मोजा. सैल विणीचं कापड आणि होजियरी ताणली की मीटरमागे सहज काही सेंटिमीटर वाढते आणि घरी पोहोचेपर्यंत परत आखडते.

एका पीसचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच निघाला. ४४ इंच पन्ह्यात अडीच मीटर लागत असेल तर ३६ इंचात जवळपास ३ मीटर लागतं. त्यामुळे भाव विचारण्याआधी पन्हा विचारा, आणि विचारून थांबू नका, मोजा. पाचव्या वाया गेलेल्या पिसाला मधोमध जोड होता. थप्पीच्या आतल्या घडीत तो झाकला गेला होता. बांधलेली थप्पी सोडायला जो नकार देतो त्याच्याकडून एकही पीस घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उरलेल्या ५ पिसांपैकी २ कॉटन नव्हतेच. विक्रेत्याने धागा जाळून दाखवला होता, पण एकच, त्याने निवडलेला. कित्येक कापडांत उभा धागा पॉलिएस्टरचा आणि आडवा सुताचा असतो. म्हणून दोन्ही दिशांचे धागे तुम्ही स्वतः काढा, चिमट्यात धरा आणि मोकळ्या जागी जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं, गार झाल्यावर काळा टणक मणी राहतो. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) मात्र सुतासारखंच जळतं, तिथे ही परीक्षा फसते. त्याचा धागा ओला करून ओढा. ओलं व्हिस्कोस चटकन तुटतं, ओलं सूत उलट चिवट होतं. खूप कडक लागणारं कापड दोन्ही हातांत चोळून बघा. पांढरी भुकटी झडली तर खळ चढवून विरळ कापडाला अंग आणलंय. कोरं कॉटन धुतल्यावर आटतं तेही हिशेबात धरा आणि बेतण्याआधी भिजवून घ्या.

जुन्या साड्यांत खोट घडीत लपते. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली रेशमी साडी घडीच्या रेषेवर चिरते, विक्रेता मात्र पदर आणि काठ फिरवून दाखवतो. साडी पूर्ण उघडून उजेडाकडे धरा. विरलेली जागा आणि कसरीची भोकं लगेच दिसतात. घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठ्यांनी हलका ताण द्या, धागे सरकले तर त्या साडीचा ड्रेस टिकणार नाही, फार तर गोधडीत जाईल. तसाच भाव द्या. तयार कपड्यांत काख, बैठक आणि कॉलरची घडी तपासा. नुकताच गडद रंगवलेला कपडा दिसला तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासा. डाग झाकायला चढवलेला कच्चा रंग रुमालावर उतरतो.

लोकरीत फसवणूक वजनात होते. किलोच्या भावाने कोन (लोकर गुंडाळलेले शंकू) घेताना पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं वजनही लोकरीच्या भावाने मोजलं जातं. एका किलोत ६ कोन आले आणि रिकामा कोन ४० ग्रॅमचा असला, तर किलोमागे २४० ग्रॅम पुठ्ठा. एक रिकामा कोन तोलून तेवढं वजन वजा करायला लावा. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही, म्हणून पावसाळ्यात वजनावर घेणं टाळलेलं बरं. आणि 'शुद्ध लोकर' म्हणून बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक गळ्यात मारतात. जाळल्यावर लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, अ‍ॅक्रिलिकचा कडक काळा गोळा होतो. पक्की खात्री हवी तर धागा घरातल्या क्लोरीनच्या ब्लीचमध्ये बुडवा: लोकर विरघळते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं. खिडकी उघडी ठेवा आणि त्यात दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. हलकेच ओढताच तुटणारी लोकर जुन्या चिंध्या पिंजून कातलेली असू शकते, तशा लोकरीच्या आखूड तंतूंमुळे स्वेटरला लवकर गोळे येतात. एका स्वेटरला पुरेल एवढी लोकर एकाच लॉटची (एकाच वेळी रंगवलेली) मिळत नसेल तर सोडून द्या. दोन लॉटमधला रंगाचा फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, पाठीपोटावर विणल्यावर कळतो.

इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणाऱ्यांकडून घेताना पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. टेप लावलेला फोटो मागा, पन्हा आणि लांबी दोन्ही दिसायला हवीत. 'रिफंड देतो, कोड स्कॅन करून पिन टाका' असं सांगितलं की लगेच थांबा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा, खराब मालाची तक्रार ग्राहकांच्या १९१५ या हेल्पलाइनवर करा. मापातल्या खोटीसाठी वैधमापन विभागाकडे जा. तिथे बिल हाताशी असलेलं बरं, पण फुटपाथवर ते सहसा मिळत नाही. निदान यूपीआयने पैसे द्या आणि कापड विक्रेत्यासमोरच मोजून फोटो काढून ठेवा.