धरणाची भिंत की बॅकवॉटर?

वसंत सरत आला की जलाशयावर दोन तऱ्हेचे पक्षी एकत्र भेटतात: विणीसाठी आपल्या मूळ प्रदेशाकडे परत निघालेले पाहुणे आणि तिथेच घरटी करणारे रहिवासी. पहाटेचे दोन-अडीच तासच हाताशी असतील, तर धरणाच्या भिंतीवर उभं राहायचं की बॅकवॉटरला, म्हणजे जलाशयाच्या मागच्या उथळ टोकाला, जायचं हे आदल्या रात्रीच ठरवून टाका. दोन्ही साधायला गेलात तर ऐन वेळ गाडीत जाईल.

माझा कौल आधीच सांगतो: या दिवसांत बॅकवॉटर.

भिंतीपाशी पाणी सगळ्यात खोल असतं. त्यामुळे तिथे राज्य बुडी मारून मासे धरणाऱ्यांचं, म्हणजे पाणकावळे आणि टिबुकल्यांचं. चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्यांना तिथे काहीच नाही. उंचीवरून सगळा पसारा दिसतो खरा, पण आठपट दुर्बिणीतून लांबचे पक्षी ठिपकेच राहतात. स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची मोठ्या वर्धनाची एकनळी दुर्बीण, असेल तर गोष्ट वेगळी. पण त्यालाही वेळेचं बंधन आहे: ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि साठपट केलं की पक्ष्यापेक्षा ती थरथरच मोठी दिसते. शिवाय अनेक धरणांच्या भिंतीवर प्रवेशाला किंवा फोटो काढायला बंदी असते, ते आधी विचारून घ्या.

एका गोष्टीसाठी मात्र भिंतीला तोड नाही. ढगाळ, गार सकाळी कीटक खाली उतरतात आणि त्यांच्यामागे भिंगऱ्या अगदी पाण्यालगत उडतात. एरवी आपल्याला त्यांची पोटंच दिसतात. वरून पाहताना निळी चमकदार पाठ दिसते.

आता बॅकवॉटर. पाणी उतरतं तसा चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि त्या एवढ्याशा काठावर खोलीप्रमाणे वाटण्या झालेल्या असतात. शेकाट्या लांब लाल पायांवर आत पाण्यात, तुतवार शेपूट हलवत काठाकाठाने, कंठेरी चिखल्या कोरड्या भागात चार पावलं धावून थबकणारा. हिवाळ्यात हे छोटे किनारपक्षी ओळखताना भलेभले गोंधळतात, कारण बहुतेक सगळे राखाडी-तपकिरी. आता विणीचा पिसारा चढलेला असतो. बाकदार चोचीचा तुतवार विटकरी झालेला असतो, कंठेरीच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं ठसठशीत दिसतं. नवशिक्याने सुरुवात करावी ती याच दिवसांत.

तोटेही आहेत. वरून वाळलेला चिखल आत पाय गिळतो. आणि कंठेरी चिखल्या, टिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. खड्यांमध्ये ती दिसतच नाहीत. कंठेरी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे चालला, तर समजा की घरटं जवळच आहे. आलात त्याच पावलांवरून मागे फिरा, फोटोचा मोह नको. उन्हात टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते; तुम्ही तिथे रेंगाळलात तर तिचं ते काम अडतं.

जागा निवडताना पूर्वेचा काठ धरा. सूर्य पाठीशी राहतो. समोर असला तर सगळे पक्षी काळेच दिसतात. बॅकवॉटरला स्कोप नसला तरी चालतं. दुर्बीण ८×४२ची (आठपट, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) बरी: तिच्यातून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटर रुंद असतो, १०×४२मध्ये तो ४.२ भरतो. फटफटताना हा फरक जाणवतो. शिवाय दहापटीला हाताची थरथरही जास्त.

गुडघे कुरकुरत असतील किंवा बरोबर लहान मुलं असतील, तर भिंत किंवा तिच्या लगतचा पक्का काठच बरा. आणि निघण्याआधी पाण्याची पातळी विचारा. जलाशय अजून काठोकाठ असेल तर बॅकवॉटरचा चिखल पाण्याखालीच असणार. मग माझा कौल विसरा आणि सरळ भिंत गाठा.