घर खरं, तिकीटखिडकी खोटी

संग्रहालयाच्या दारातल्या आजींनी हातातला कागद दोनदा वरून खाली वाचला आणि म्हणाल्या, "तुमचं नाव नाहीये यात." मी फोन पुढे केला. त्यावर क्यूआर कोड, घराचं चित्र, वेळ सहा वीस, माणसं पाच, सगळं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. "आम्ही असा कोड पाठवतच नाही. आमच्याकडे ही यादी, एवढंच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज संध्याकाळचं तुमचं तिसरं कुटुंब."

मागे रांग खोळंबली होती. आई पैठणीवर माझं जाकीट चढवून उभी, बाबा कानटोपी घट्ट करत होते, मुलगी विचारत होती, "आपण आत कधी जायचं?" न्यू जर्सीतली डिसेंबरची संध्याकाळ, त्यात वारा. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये पंधरा वर्षं काढली आहेत. दुसऱ्यांच्या वेबसाइटमधल्या चुका शोधणं हेच माझं पोटापाण्याचं काम.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे जुन्या घरांची छोटी संग्रहालयं गावोगावी असतात. बरीचशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात, छप्पर गळायला लागलं की आधी पैसे गोळा करावे लागतात. त्यामुळे थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) ते नाताळ हा त्यांच्या कमाईचा हंगाम. घर सजवायचं, संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात खोल्या दाखवायच्या (आताशा त्या बहुधा बॅटरीवरच्या असतात, दोनशे वर्षांच्या लाकडाजवळ ज्योत कोण नेणार), शेवटी गरम सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस, आणि कुकी. जिने अरुंद, जमीन जुनी, म्हणून एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. तिकिटं थोडी असतात आणि लवकर संपतात.

बाबांना मी गाडीत मोठ्या ऐटीत सांगत होतो की ही परंपराच वर्गणीची आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं घर, माउंट व्हर्नन, मोडकळीला आलं तेव्हा ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी १८५३ साली बायकांची संस्था उभी केली, देशभर वर्गणी गोळा केली आणि १८५८ मध्ये २ लाख डॉलरला ते घर घ्यायचा करार केला. बाबा वाईचे. म्हणाले, "मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात दिवाळीच्या पणत्या लावून अशी तिकिटं ठेवली तर येतील का रे लोक?" तेव्हा माझ्या खिशात पाच खोटी तिकिटं होती.

घेतली कशी, ते सांगतो. रात्री अकरा वाजता, अंथरुणात, फोनवर. घराचं नाव टाकलं, पुढे 'तिकीट' लिहिलं आणि पहिलं जे आलं त्यावर बोट ठेवलं. वर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड', म्हणजे जाहिरात, असं लिहिलेलं असणार. साइट सुरेख होती. घराचे फोटो, संस्थेचा लोगो, आणि 'या वेळेची फक्त सहा तिकिटं शिल्लक' असा उलटा चालणारा घड्याळाचा काटा. खरी साइट मी नंतर पाहिली. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी भाच्याने बनवून दिल्यासारखी, तिकिटासाठी एक फोन नंबर आणि एक फॉर्म. दोन्ही शेजारी ठेवून विचारलं असतं तर मी खरीलाच खोटी म्हणालो असतो.

तिकीट ४८ डॉलर. खरं ३० चं होतं. पण इथेच गंमत आहे. मैफलीचं किंवा मॅचचं तिकीट असतं तर मी चार ठिकाणी भाव पाहिला असता. हे 'मदतीसाठी' होतं ना. चार पैसे जास्त गेले तर जुन्या घराच्या छपरालाच लागतील, असं मीच माझी समजूत घालत होतो. पाच तिकिटांचे २४०, 'जतन शुल्क' म्हणून २०, आणि खाली एक चौकोन होता, 'आणखी देणगी द्यायची आहे?' त्यात मी आपण होऊन ४० भरले. एकूण ३००. त्या ४० डॉलरचं दुखणं बाकीच्या २६० पेक्षा जास्त आहे.

क्रेडिट कार्डाचा नंबर टाकला तर 'व्यवहार अयशस्वी'. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मग खाली सूचना आली की कार्ड यंत्रणेवर ताण आहे, झेलने पैसे पाठवा. झेल म्हणजे आपल्या यूपीआयसारखं, बँकेच्या ॲपमधून फोन नंबरवर थेट पैसे. नाव आलं कुणा एका माणसाचं, संस्थेचं नाही. मला वाटलं, खजिनदार असेल. छोटी संस्था आहे, चालायचंच.

त्या क्षणी दोन गोष्टी झाल्या होत्या. पैसे गेले होते, आणि कार्डाचा नंबरही दोनदा त्यांच्या हातात पडला होता. 'अयशस्वी' हा निरोप त्यासाठीच असतो. दुसऱ्या दिवशी कार्डावर एका डॉलरचा कुठलासा खर्च दिसला, मी तिकडे दुर्लक्ष केलं. कार्ड चालू आहे का ते चोर असं चाचपून बघतात.

पावतीवरसुद्धा चोर दिसत होता, मला वाचता आला नाही. 'संपूर्ण रक्कम करसवलतीस पात्र' असं लिहिलं होतं. आपण पैसे देऊन बदल्यात काही घेतो तेव्हा त्या वस्तूची किंमत वजा करून उरते तेवढीच देणगी धरतात, आणि ७५ डॉलरच्या वर रक्कम असेल तर संस्थेने तसं लेखी सांगावं लागतं. दरवर्षी मंडळाच्या कार्यक्रमाच्या पावतीवर मी हेच वाक्य वाचतो. आयआरएस म्हणजे इथलं आयकर खातं, त्याच्या साइटवर संस्थेचं नाव शोधता येतं, पण त्याने मी वाचलो नसतो. संस्था खरीच होती. वेबसाइटच्या पत्त्याची, म्हणजे डोमेनची, नोंदणी मात्र पाहायला हवी होती. इंटरनेटवरच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या साइटवर ती फुकट दिसते. ते डोमेन मी तिकिटं घेतली त्याच्या अकरा दिवस आधी नोंदवलेलं होतं.

आजींनी आम्हाला आत सोडलं नाही, सोडूही शकत नव्हत्या, पण मागच्या तबेल्यात नेऊन सायडर दिलं. निघताना तिथे देणगीची काचेची पेटी होती. बाबांनी वीसची नोट काढली आणि टाकण्यापूर्वी मला मराठीत विचारलं, "ही तरी त्यांचीच ना?"

बँकेने सांगितलं की कार्डाचं बघू, कार्ड बंद झालं, नवं आलं. कार्डावर पैसे गेले असते तर बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. झेलचं बटण मी स्वतः दाबलं होतं, ते 'अनधिकृत' धरत नाहीत. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था एफटीसी आणि एफबीआयचं सायबर तक्रार केंद्र आयसी३, दोन्हीकडे तक्रार नोंदवली. आठवड्याने 'रिफंड विभागा'चा मेल आला, पैसे परत हवेत तर नव्या कार्डाचा नंबर द्या. तोच लोगो.

आता जे लिहायला जड जातंय ते. तिकिटं घेतल्या रात्री मी ती लिंक आमच्या भागातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. 'आईबाबा आलेत त्यांना नक्की दाखवा, थोडीच उरलीत.' वर तीन मेणबत्त्यांचे इमोजी. माझं नाव पाहून एका कुटुंबाने चार तिकिटं काढली. त्यांचे पैसे मी देऊ केले, ते घेत नाहीत, आणि भेटले की विषय काढत नाहीत, ते आणखी वाईट.

ग्रुपवर दुसऱ्या एक काकू होत्या. त्यांचंही कार्ड 'अयशस्वी' झालं, झेल म्हटल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला. सकाळी संग्रहालयाचा नंबर त्यांच्या जुन्या छापील पत्रकावरून शोधून फोन केला, त्याच आजींशी बोलल्या आणि चेक पाठवून खरी तिकिटं घेतली. आम्ही तबेल्यात सायडर पीत होतो तेव्हा त्या वरच्या मजल्यावर होत्या. मला कळवायचं त्यांच्या मनात होतं म्हणे, पण वाटलं, हा तर कॉम्प्युटरवाला, याला ठाऊकच असेल.