१०० मीटर की ४०० मीटर?

मैत्रिणीची मुलगी जोरात पळते. तिला कशात उतरवावं, हा प्रश्न. उसेन बोल्टपुढेही हाच पेच होता. प्रशिक्षक ग्लेन मिल्स त्याला ४०० कडे ढकलत होते, बोल्टला मात्र तो जीवघेणा सराव नको होता. २००७ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर १०० मीटर १०.०३ सेकंदांत मारलं आणि विषय मिटला. पुढच्याच वर्षी ९.७२ चा विश्वविक्रम.

चुकीला माफी: १०० मध्ये जवळपास नाहीच. २०११ ला दक्षिण कोरियातल्या देगूत, जागतिक स्पर्धेत बोल्ट बंदुकीआधी सुटला, थेट बाद. ४०० मध्ये सुरुवात फसली तरी सावरता येतं, पण शेवटच्या वळणानंतर पाय शिशाचे होतात.

दुखापत: १०० मध्ये मांडीच्या मागचा स्नायू जास्त धोक्यात.

खर्च: सारखाच. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) आणि जवळपास सिंथेटिक ट्रॅक, बस.

संधी: इथे ४०० चं पारडं जड. भारताच्या पुरुषांनी २०२३ ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ४×४०० रिले (चौघे, प्रत्येकी ४०० मीटर) २:५९.०५ मध्ये धावून तेव्हाचा आशियाई विक्रम केला. संघात जागाही अनेकांना मिळते.

उपजत स्फोटक वेग असेल तर १००. वेग बरा, पण दमछाक सोसायची तयारी दांडगी असेल तर ४००. बारा वर्षांची असेल तर दोन्ही पळू द्या.