एक लाख ईमेलच्या साठ्यात शोध घेताना : ‘नॉटमच’चा अनुभव

एका दिवाळी अंकाच्या संपादनाचे काम मी २००७ पासून करतो. लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक, जाहिरातदार आणि छापखाना यांच्याशी या काळात झालेला जवळजवळ सगळा पत्रव्यवहार ईमेलवर आहे, आणि तीन खात्यांत मिळून तो आता एक लाख दहा हजार संदेशांच्या घरात गेला आहे. एखाद्या कथेच्या पुनर्मुद्रणाला लेखिकेने परवानगी दिली होती का, दिली असेल तर कोणत्या अटीवर, असा प्रश्न दहा वर्षांनी निघतो तेव्हा उत्तर याच साठ्यात असते. पण ब्राउझरमध्ये एकेका खात्यात शिरून ते शोधण्यात अख्खी दुपार जाते. गेली चार वर्षे मी या कामासाठी ‘नॉटमच’ हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर वापरत आहे. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते कसे आहे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

नॉटमचची सुरुवात कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये केली. त्याआधीच्या ‘सप’ या ईमेल प्रोग्रॅमची कल्पना त्यांनी घेतली, ती सी भाषेत नव्याने लिहिली आणि शोधाचे मूळ काम ‘झेपियन’ या मुक्त लायब्ररीकडे, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचाकडे, सोपवले. तुमच्याकडे कितीही ईमेल असोत, या प्रोग्रॅमच्या लेखी ती ‘फार नाहीत’, असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. हा दावा मला खरा वाटतो. माझ्या साध्या लॅपटॉपवर पहिली सूची, म्हणजे कोणता शब्द कोणत्या पत्रात आहे याची नोंद, तयार व्हायला पाऊण तास लागला, पण त्यानंतरचा प्रत्येक शोध बोट कळीवरून उचलेपर्यंत पूर्ण झालेला असतो.

नॉटमच काय करत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. ते सर्व्हरवरून टपाल आणत नाही, पाठवत नाही आणि पुसतही नाही. टपाल आणण्यासाठी ‘एमबीसिंक’ किंवा ‘ऑफलाइनआयमॅप’, पाठवण्यासाठी ‘एमएसएमटीपी’ असे वेगळे प्रोग्रॅम जोडावे लागतात. ईमेल ‘मेलडिर’ पद्धतीने, म्हणजे एक संदेश एक फाइल अशा रीतीने, तुमच्या संगणकावर असले पाहिजेत. लिनक्सवर हे सगळे एका आज्ञेत बसवता येते, मॅकवर ‘होमब्रू’ या प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनातून मिळते. विंडोजवर मात्र आत लिनक्स चालवण्याची सोय करून घ्यावी लागते. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याच्या खिडकीची, अजिबात सवय नसलेल्या माणसाला ही जुळवाजुळव एकट्याने जमणे कठीण आहे. मला एका मित्राच्या मदतीने दोन रविवार लागले.

एकदा ते उभे राहिले की त्याचा खरा गुण दिसतो, आणि तो आहे टॅगचा. फोल्डरच्या पद्धतीत एक पत्र एकाच जागी राहू शकते, त्यामुळे कवीने मानधनाबद्दल विचारत सोबत नवी कविता पाठवली, तर ते पत्र ‘कविता’मध्ये टाकायचे की ‘हिशेब’मध्ये, हा प्रश्न दरवेळी पडतो. नॉटमचमध्ये पत्र जिथे आहे तिथेच राहते आणि त्यावर हव्या तितक्या खुणा करता येतात. टॅगची नावे देवनागरीत चालतात, ही मला मोठी गोष्ट वाटते. माझ्याकडे ‘मानधन-बाकी’, ‘परवानगी’, ‘मुद्रिते’, ‘अंक-२०१६’ असे चाळीसएक टॅग आहेत, आणि ‘अंक-२०१६’ व ‘मानधन-बाकी’ हे दोन्ही ज्यांवर आहेत ती पत्रे मागितली की त्या वर्षीची राहिलेली देणी समोर येतात. नवे टपाल आले की ठरावीक शोध चालवून टॅग आपोआप लावण्याचीही सोय आहे. छापखान्याच्या पत्त्यावरून आलेल्या प्रत्येक पत्रावर ‘छपाई’ ही खूण मला हाताने करावी लागत नाही.

पाठवणाऱ्याचे नाव, विषय, तारखांची मर्यादा, अटॅचमेंटच्या फाइलचे नाव असे निकष एकमेकांशी जोडता येतात. २०१४ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत अमुक शब्द असलेली पत्रे, असे विचारता येते; फक्त तारखेचे आकडे इंग्रजी अंकांत द्यावे लागतात. उत्तरे सुट्या पत्रांच्या रूपात न येता संपूर्ण संवादाच्या रूपात येतात, त्यामुळे परवानगीचे पत्र सापडले की त्याआधीची वाटाघाट आणि नंतरचे आभारही सोबतच दिसतात. एकच पत्र दोन खात्यांत आले असेल तर त्याच्या अंतर्गत ओळख-क्रमांकावरून ते एकच धरले जाते. शोधातून केवळ पत्तेही काढता येतात, आणि ‘अंक-२०१६’ मधील सर्व पाठवणाऱ्यांची यादी हवी असेल तेव्हा मला ही सोय फार उपयोगी पडते.

आता मराठीचा प्रश्न. देवनागरी मजकूर ईमेलच्या फाइलमध्ये बहुधा सांकेतिक रूपात साठवलेला असतो, त्यामुळे फाइलींवर थेट शब्द शोधणारी साधी साधने इथे निरुपयोगी ठरतात. नॉटमच तो संकेत उलगडून मगच सूची करते, आणि काना-मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसह पूर्ण शब्द नीट नोंदवते. अडचण येते ती आपल्या भाषेच्या स्वभावामुळे. इंग्रजी शब्दांची रूपे हा प्रोग्रॅम ओळखतो, म्हणजे ‘प्रिंट’ शोधले तर रोमन लिपीतले ‘प्रिंटिंग’ही सापडते; मराठी विभक्तीचे मात्र त्याला काहीच ज्ञान नाही. ‘मानधन’ असे शोधले तर ‘मानधनाचा’ आणि ‘मानधनाबाबत’ असलेली पत्रे हाती लागत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे मला वाटत होते की साठ्यातली निम्मी पत्रे सूचीत आलीच नाहीत.

यावर उपाय आहे तो शब्दाच्या शेवटी तारांकन (*) देण्याचा. ‘मानधन’पुढे तारांकन टाकले की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द येतात. (आज्ञा टर्मिनलमध्ये देत असाल तर हा भाग अवतरणचिन्हांत ठेवावा.) पण मराठीत सामान्यरूप होताना शब्दाचे अंगही बदलते, आणि तिथे थोडा व्याकरणाचा विचार करावा लागतो. ‘मजकूर’चे ‘मजकुराचा’ होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून तारांकन ‘मजक’ या अक्षरांनंतर द्यायला हवे. ‘तारीख’मधली वेलांटी ‘तारखेला’मध्ये नाहीशी होते, म्हणून ‘तार’पर्यंतच मागे यावे लागते आणि मग ‘तारांबळ’ही सोबत येते; त्यापेक्षा ‘तारीख’ आणि ‘तारख’ ही दोन्ही अंगे ‘किंवा’ने जोडून विचारणे बरे. ‘कादंबरी’ आणि ‘कादंबऱ्या’ यांत तर ‘र’ आणि ‘ऱ’ ही यंत्राच्या दृष्टीने वेगळी अक्षरे आहेत. ‘लेख’ शोधताना ‘लेखक’, ‘लेखन’, ‘लेखणी’ सगळे येणार, त्याला इलाज नाही. शाळेत पाठ केलेल्या सामान्यरूपांच्या नियमांचा इतका प्रत्यक्ष उपयोग मला आयुष्यात दुसरीकडे झालेला नाही, आणि एकदा हात बसला की हे फार जड जात नाही. तरीही मराठी शब्दांची अंगे ओळखण्याची सोय या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी घालावी, असे मला मनापासून वाटते. तो मुक्त असल्यामुळे ते काम करण्यासाठी कोणाचीही परवानगी लागणार नाही.

दोन गोष्टी मात्र तारांकनानेही सुटत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रे सूचीत रोमन अक्षरांची अर्थहीन जुडी म्हणून नोंदली जातात; आणि रोमन लिपीत मराठी लिहिणारे एकच शब्द कधी एका ‘ए’ने, कधी दोन ‘ए’ने लिहितात. अशी महत्त्वाची पत्रे मी दिसतील तशी वाचून हातानेच टॅग करत गेलो. शिवाय अटॅचमेंटचे नाव शोधता येते, पण पीडीएफ किंवा वर्डच्या फाइलमधला मजकूर शोधता येत नाही. लेखक आपले लेखन अटॅचमेंट म्हणूनच पाठवतात, त्यामुळे संपादकाला ही उणीव रोज जाणवते.

वाचनासाठी वेगवेगळी दर्शनी रूपे उपलब्ध आहेत. ‘अलॉट’सारखी टर्मिनलमध्ये चालणारी रूपे चपळ आहेत, पण बहुतेक टर्मिनलमध्ये देवनागरीची जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या सरकतात, म्हणून मराठीसाठी मी ती सुचवणार नाही. नॉटमचसोबत मिळणारे, ‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकात चालणारे रूप स्वतंत्र खिडकीत चालवले तर अक्षरे शुद्ध दिसतात, आणि ठरवून ठेवलेले शोध त्यांच्या संख्येसह पहिल्याच पानावर मांडलेले असतात.

‘म्यू’ हा याच जातीचा, झेपियनवरच उभा असलेला दुसरा प्रोग्रॅम मी काही महिने वापरला. पत्रे हलवणे आणि पुसणे त्यात सोपे आहे. माझा भर खुणांवर असल्याने मी नॉटमचकडे परतलो. त्याची एक जोखीम मात्र ओळखून असावे. टॅग पत्रांच्या फाइलमध्ये नसतात, सूचीच्या डेटाबेसमध्ये असतात. डेटाबेस बिघडला तर सूची पुन्हा करता येते, पण वर्षानुवर्षे लावलेल्या खुणा परत येत नाहीत. त्यासाठी ‘नॉटमच डंप’ या आज्ञेने सगळे टॅग एका मजकूर-फाइलमध्ये उतरवून ठेवता येतात. देवनागरी टॅग त्या फाइलमध्ये टक्केचिन्हांच्या संकेतात दिसतात, त्याने घाबरून जाऊ नये. माझ्याकडे ही आज्ञा रोज रात्री आपोआप चालते आणि फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर जाते. मागच्या वर्षी लॅपटॉप बदलला तेव्हा नव्या यंत्रावर सर्व्हरवरचे टपाल मी पुन्हा उतरवले, सूची केली आणि ती फाइल परत भरली. टॅग पत्राच्या ओळख-क्रमांकाला बांधलेले असल्यामुळे फोल्डरांची रचना पार बदललेली असूनही २००७ च्या पहिल्या अंकाच्या पत्रांवरची ‘परवानगी’ ही खूण जागच्या जागी होती.