नागावच्या वाडीतली पोपटी: मडकं आपल्या हातांनी भरायला मिळतं

थंडी पडली की रायगडच्या गावांत पोरांना वेध लागतात पोपटीचे, म्हणजे मडक्यात पाल्याबरोबर वाफवलेल्या वालाच्या शेंगांचे. बांधावरून भांबुर्डी या वासाच्या रानझुडपाचा पाला उपटून आणायचा, पेंढा नि गोवऱ्या जमवायच्या, अंधार पडला की मडक्याभोवती शेकत बसायचं. अलिबागजवळ नागावातले एक वाडीवाले पाहुण्यांना हे सगळं स्वतः करू देतात. बऱ्याच ठिकाणी शिजलेल्या शेंगा थेट ताटात येतात. इथे रिकामं मडकं पुढ्यात ठेवतात आणि मुलांना पाला ओळखायला बांधावर नेतात. बरोबर लहान मुलं असतील तर एवढ्यासाठीच इथे जावं.

शेंगा गावठी वालाच्या, भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढलेल्या. दाणा टच्च भरलेला, साल मात्र हिरवी, अशीच शेंग हवी; जून झाली की कोरडी लागते. म्हणून जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जाणं उत्तम.

भरण्याची रीत इथे नीट शिकवतात. तळाला पाल्याचा चांगला चार बोटं थर. मग चार किलो शेंगांना दोन मुठी जाडं मीठ आणि चार चमचे ओवा, पण सगळं एकदम न टाकता थराथराला. बटाटे, रताळी, कांदे मध्ये. अंडी अगदी मधोमध, कारण मडक्याच्या भिंतीला टेकली की तडकतात. मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून. पाणी थेंबभरही नाही; शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं वाफवतं. त्यासाठी शेंगा सैल भराव्या लागतात. दाबून भरल्या तर वाफ फिरत नाही आणि मधला भाग कच्चा राहतो. तोंडाशी मात्र पाला गच्च कोंबायचा, नाहीतर जाळात ठेवायला मडकं उपडं करताना सगळं खाली.

पाल्याच्या बाबतीत हे लोक तडजोड करत नाहीत, याचं मोल मोठं आहे. भांबुर्डीऐवजी कोबीची पानं घातली की त्या फक्त उकडलेल्या शेंगा होतात, पोपटी नव्हे.

कमी पडतात ते जाळात. वारा एका अंगाने असताना गोवऱ्या चारही बाजूंनी सारख्याच रचतात. मग वाऱ्याकडच्या बाजूला जाळ नीट लागत नाही. तिकडचे बटाटे टणक आणि पलीकडच्या शेंगा करपलेल्या. त्या बाजूला आडोसा करावा, नाहीतर जळण वाढवावं. कोंबडीचे तुकडेही मोठे असतात. अर्ध्या-पाऊण तासात हाडाशी शिजत नाहीत. लहान करून द्यायला आधीच सांगा.

झाली की नाही हे बघायला तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन क्षणात उडालं की ओलं गोणपाट घेऊन मडकं उचलायचं. हे काम मुलांना देत नाहीत, तेच बरोबर.

पैसे माणशी नाही, मडक्यामागे घेतात. एक मडकं आठ-दहा जणांना पुरतं. शाकाहारी मंडळी असतील तर वेगळं मडकं आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, ऐनवेळी दुसरं मिळत नाही.