मेट्रो की बसची स्वतंत्र मार्गिका?

शहरासाठी नेमकं काय मागावं, असा प्रश्न नागरिक गटांमध्ये हमखास निघतो. जाहिरातीतली चकचकीत चित्रं बाजूला ठेवून पाहू.

खर्चात तुलनाच नाही. भुयारी मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात बीआरटीचे (म्हणजे बसच्या स्वतंत्र मार्गिकेचे) कित्येक किलोमीटर होतात, तेही दोन-तीन वर्षांत. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं 1974 मध्येच हे करून दाखवलं. क्षमतेत मात्र मेट्रो सरस. कोलंबियातल्या बोगोटाची ट्रान्समिलेनिओ ही बीआरटी एका दिशेनं तासाला 40,000 हून अधिक प्रवासी नेते खरी, पण त्या गर्दीत उभं राहणाऱ्याला विचारा!

खरी मेख आहे चढण्या-उतरण्यात. बीआरटीत फलाट आणि बसची फरशी एका पातळीत असते. चालकानं बस हातभर लांब उभी केली की चाकखुर्चीची पुढची चाकं फटीत अडकतात आणि सगळी सोय तिथंच संपते. मेट्रोत ही फट कमी, पण फलाट जमिनीपासून दूर. लिफ्ट बंद म्हणजे स्थानकच बंद. जुन्या जाळ्यात नंतर लिफ्ट बसवणं तर फारच महागात पडतं; लंडनच्या भुयारी रेल्वेची बरीच स्थानकं आजही पायऱ्यांवाचून गाठता येत नाहीत.

प्रदूषण? दोन्ही विजेवर चालू शकतात. मेट्रोचं काँक्रीट बनवताना हवेत जाणारा कार्बन मात्र पहिल्याच दिवशी खर्ची पडतो. गाड्या रिकाम्या धावल्या तर तो वसूल होत नाही.

दाट वस्ती, अरुंद रस्ते, दिवसभर तुडुंब गर्दी असेल तर मेट्रो. मध्यम गर्दी, रुंद रस्ते आणि मार्गिकेत घुसणाऱ्या मोटारी हटवण्याची धमक असेल तर बीआरटी.