कीबोर्ड वाचताना सिग्नल आला तर काय वापरायचं: लूप, एसए-रीस्टार्ट का पोल?

जिनिंगच्या काट्यावर गाडी नंबर, वजन, दर टाकायचा टर्मिनलवरचा साधा प्रोग्राम सी मध्ये लिहून राहिले असाल तर हे भेटणारच. ऑपरेटर टाइप करून राहिला, प्रोग्राम रीडमध्ये (इनपुट वाचायच्या कॉलमध्ये) थांबलेला, तेवढ्यात विंडो लहानमोठी झाली नाहीतर तुमचाच दर सेकंदाचा अलार्म आला, म्हणजे प्रोग्रामला सिग्नल (सिस्टिमची मधातली सूचना) आला, तुम्ही त्याला हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लावलेला, की रीड उणे एक घेऊन परत आणि एररनोमध्ये (एररचा कोड ठेवणारं व्हेरिएबल) ईइंटर (EINTR, म्हणजे कॉल मधात तुटला). ही खरी एरर नव्हेच, तुमचा हँडलर चालवायला मधात उठवलं एवढंच, पण प्रोग्राम घाबरून बंद पडते आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन फाटकापर्यंत.

पहिला पर्याय लूप, ईइंटर आला की पुन्हा रीड. सोपा, सगळीकडे चालते. अर्धं टाइप केलेलं जाईल म्हणून घाबरू नका, ओळीच्या मोडमध्ये "एमएच २९" इथपर्यंत आलेला नंबर कर्नलकडेच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडेच) राहते, एंटर दाबल्यावर पूर्ण ओळ येते. कंट्रोल-सी दाबलं तर मात्र टाइप केलेलं टर्मिनलच फेकून देते, ते नको असेल तर टर्मिनलची नोफ्लश (NOFLSH) सेटिंग लावा. आणि रीडऐवजी एफगेट्स (ओळ वाचायचं सीचं फंक्शन) वापरत असाल तर नल आल्यावर क्लिअरएरर (एररची खूण पुसायचं फंक्शन) करायचं विसरू नका.

आता लूपचा खरा लोचा पाहा. हँडलर फ्लॅग (सिग्नल आल्याची खूण ठेवणारं व्हेरिएबल) लावते, तुम्ही फ्लॅग पाहता आणि मग रीडमध्ये जाता, अन् सिग्नल नेमका या दोघांच्या मधात आला तर? फ्लॅग लागलेला, पण रीड आरामात कीबोर्डची वाट पाहून राहिला, ऑपरेटर एंटर मारेपर्यंत कोणाला पत्ता नाही. टेस्टिंगमध्ये हे सहसा सापडत नाही बाप्पा, गर्दीच्या दिवशीच सापडते.

दुसरा, सिगअ‍ॅक्शनमध्ये (हँडलर लावायच्या फंक्शनमध्ये) एसए-रीस्टार्ट हा फ्लॅग. कर्नलच रीड परत चालू करते, तुमच्या कोडला ईइंटर दिसतही नाही. हँडलरनं नुसता आकडा वाढवायचा असेल, मेन लूपला लगेच काही करायचं नसेल, तर हेच घ्या, डोक्याला ताप नाही. पण कंट्रोल-सी म्हणजे "ही एन्ट्री रद्द" असं ठेवायचं असेल तर हे कामाचं नाही, रीड पुन्हा सुरू होते आणि ऑपरेटर म्हणते बटण बिघडलं. आणि सिलेक्ट, पोल, ईपोल (एकाच वेळी अनेक इनपुटांची वाट पाहायचे कॉल) यांना हा फ्लॅग लागूच होत नाही, ते ईइंटर देणारच. जुनं सिग्नल फंक्शन तर वापरूच नका, ग्लिबसीमध्ये (लिनक्सची सी लायब्ररी) ते बीएसडी या युनिक्सच्या चालीनं रीस्टार्ट करते, सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या युनिक्सच्या चालीत करत नाही आणि वरून हँडलरही काढून टाकते.

तिसरा, माझं मत इथंच: पोलवर बसायचं आणि सिग्नललाही एक डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइल-पाइपचा नंबर) द्यायचा. जुनी युक्ती डी. जे. बर्नस्टाइन यांची सेल्फ-पाइप, हँडलर पाइपमध्ये एक बाइट लिहिते, पोल कीबोर्ड आणि पाइप दोन्ही पाहते, मधल्या फटीत आलेला सिग्नलही पाइपमध्ये पडूनच राहते. पाइपची दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग करा, आणि हँडलरमध्ये प्रिंटएफ नको, राइट चालते. फक्त लिनक्सच असेल तर पीपोल (थांबताना कोणते सिग्नल ब्लॉक ठेवायचे तेही घेणारा पोल) घ्या, सिग्नल एरवी ब्लॉक ठेवायचा आणि थांबण्यापुरताच उघडायचा, कोड कमी. सिग्नलएफडीही (सिग्नल डिस्क्रिप्टरवरून वाचायचा कॉल) आहे, लिनक्स कर्नल 2.6.22 पासून, पण त्यात ब्लॉक केलेला मास्क (ब्लॉक सिग्नलांची यादी) एक्झेकनंतरही (दुसरा प्रोग्राम चढवल्यावरही) टिकते, म्हणजे पावती छापायला एलपी (छपाईची कमांड) चालवत असाल तर त्याच्या आधी मास्क मोकळा करा.

पायथनवाल्यांना बराच भाग फुकट मिळते, 3.5 पासून, म्हणजे 2015 पासून, पीईपी 475 (पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मुळे रीड आपोआप परत होते, बाहेर पडायचं तर हँडलरमधून एक्सेप्शन फेका. एनकर्सेसमध्ये (टर्मिनलवर स्क्रीन मांडायची लायब्ररी) विंडो बदलली की गेटसीएच (बटण वाचायचं फंक्शन) की-रिसाइझ देते, पण तुम्ही सिगविंचचा (विंडो बदलल्याचा सिग्नल) हँडलर आधीच लावला असेल तर ते आपला लावत नाही, मग की-रिसाइझची वाट पाहत बसू नका.

यातलं काहीही घ्या, पुन्हा रीड करायचं ते फक्त ईइंटरवर. गावात नेट गेलं, एसएसएच तुटलं, हँगअपचा सिग्नल तुम्ही पकडून सोडून दिला, तर रीड शून्य किंवा ईआयओ (इनपुट-आउटपुटची एरर) देते, तिथंही लूप फिरवत ठेवला तर प्रोग्राम सर्व्हरवर शंभर टक्के सीपीयू खात बसते.